शंका-समाधान: वायूचा दाब, आकारमान आणि तापमान

या वेळी निवडलेले सगळे प्रश्न वायूंचे आहेत. पत्रे निरनिराळ्या कामांतून आलेली असली, तरी आकडेमोड बहुतेकांची ठरावीक दोन-तीन जागीच अडली आहे. त्यामुळे पहिले उत्तर जरा सविस्तर दिले आहे. पुढची उत्तरे त्याच्याच आधाराने वाचावीत.

प्रश्न: सकाळी टायर २० अंश सेल्सियसला असताना ३२ पीएसआय (टायरचा दाब मोजण्याचे एकक) हवा भरली. लांबच्या प्रवासानंतर टायर ५० अंशांपर्यंत तापला असे धरले, तर ५० भागिले २० म्हणजे अडीचपट, म्हणून ८० पीएसआय दाब व्हायला हवा. गेज मात्र ३७ च्या आसपास दाखवतो. नियम चुकीचा की गेज?

आकारमान कायम असेल तर वायूचा दाब तापमानाच्या प्रमाणात वाढतो, हा नियम बरोबर आहे आणि गेजही बरोबर आहे. मांडणीत दोन चुका आहेत.

पहिली चूक तापमानाची. सेल्सियसचा शून्य म्हणजे पाणी गोठण्याचे तापमान. वायूच्या दृष्टीने त्या शून्याला काहीच अर्थ नाही. ‘अमुक पट’ म्हणायचे असेल तर मोजणी निरपेक्ष शून्यापासून, म्हणजे उणे २७३.१५ अंशांपासून करावी लागते. सेल्सियसच्या आकड्यात २७३.१५ मिळवले की केल्विन मिळतात. तुमचे २० अंश म्हणजे २९३.१५ केल्विन आणि ५० अंश म्हणजे ३२३.१५ केल्विन. वाढ अडीचपट नाही, जेमतेम दहा टक्के आहे.

दुसरी चूक दाबाची, आणि ती पटकन लक्षात येत नाही. टायरचा गेज आतला पूर्ण दाब दाखवत नाही. बाहेरच्या हवेपेक्षा आत किती जास्त दाब आहे एवढेच तो सांगतो. पूर्ण बसलेल्या टायरवर गेज शून्य दाखवतो, पण आत निर्वात पोकळी नसते. तिथे वातावरणाइतका, म्हणजे समुद्रसपाटीला सुमारे १४.७ पीएसआय दाब असतोच. वायूचे सगळे नियम या पूर्ण, म्हणजे निरपेक्ष दाबाला लागू आहेत.

आता नीट मांडू. ३२ अधिक १४.७ म्हणजे ४६.७. याला ३२३.१५ ने गुणून २९३.१५ ने भागले की ५१.५ येतात. त्यातून १४.७ वजा केले की गेजवर ३६.८. तापमान केल्विनमध्ये घेतले पण १४.७ मिळवायला विसरलात, तर ३५.३ येईल. हे उत्तर खरे वाटण्याइतके जवळचे असते, म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षे पकडली जात नाही. टायर थोडा ताणला जातो, पण इतका कमी की आकारमान कायम धरायला हरकत नाही. या दाबाजवळ दर दहा अंशांना साधारण १.६ पीएसआय एवढा अंदाज पुरतो.

गरम टायर ‘जास्त भरलाय’ म्हणून त्यातली हवा सोडू नका. तुमच्याच उदाहरणात ५० अंशांना हवा सोडून गेज ३२ वर आणला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी २० अंशांना तो २७.७ दाखवेल. कमी हवेचा टायर चालताना जास्त दबतो, जास्त वाकतो आणि त्यामुळे आणखी तापतो. कंपनीने दिलेला आकडा थंड टायरचा असतो. गाडी किमान तीन तास उभी असावी आणि टायरवर ऊन नसावे, तेव्हा मोजा.

याच पत्रात नायट्रोजनबद्दलही विचारले आहे. नायट्रोजन भरल्याने वरचा हिशोब बदलत नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तापल्यावर दोन्हींचा दाब सारख्याच प्रमाणात वाढतो. फरक पडलाच तर तो कोरडेपणाचा; हवेबरोबर पाणी आत गेले असेल तर गरम टायरमध्ये त्याची वाफ दाबात थोडी भर घालते.

प्रश्न: कॉम्प्रेसरची १०० लिटरची टाकी ८ बारला (बार हे दाबाचे एकक) आपोआप बंद होते. काही न वापरताही थोड्या वेळाने काटा ७.२ वर येतो. गळती कुठेच सापडत नाही. शिवाय टाकीतून पाणी निघते, ते येते कुठून?

काटा खाली येण्याचे कारण बहुधा गळती नाही, टाकी निवणे हे आहे. हवा झटपट दाबली की ती तापते. तीस अंशांची हवा उष्णता अजिबात बाहेर न जाऊ देता एकाच टप्प्यात ८ बार गेज दाबापर्यंत दाबली, तर गणिताने तिचे तापमान २९० अंशांच्या पुढे जाते. प्रत्यक्षात सिलिंडरवरच्या उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्यांतून आणि नळीतून बरीच उष्णता निघून जाते, तरी टाकीत पोचणारी हवा गरमच असते. टाकीतली हवा ६० अंशांना असताना मोटर बंद झाली आणि नंतर ती ३० अंशांपर्यंत निवली असे धरा. निरपेक्ष दाब ९ बार. ९ गुणिले ३०३ भागिले ३३३ म्हणजे ८.२, त्यातून वातावरणाचा एक बार वजा केला की गेजवर ७.२. तुमचा काटा तिथेच थांबतो.

गळती तपासायची तर मोटर बंद झाल्यावर लगेच तपासू नका. टाकी हाताला खोलीइतकीच थंड लागेपर्यंत थांबा, तेव्हाचा दाब आणि खोलीचे तापमान लिहून ठेवा आणि काही तासांनी पुन्हा वाचा. तापमान तेच असून काटा खाली आला असेल तर गळती आहे. तेव्हा साबणाचे पाणी प्रथम नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर (हवा उलटी येऊ न देणारी झडप), मग ड्रेन कॉकवर (पाणी सोडण्याची तोटी) आणि मग नळीच्या जोडांवर लावा.

पाणी हवेतलेच असते. तीस अंशांना एक घनमीटर जागेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात राहू शकते. ही मर्यादा जागेची आहे. त्या जागेत हवा किती कोंबली आहे याच्याशी तिचा फारसा संबंध नाही. आर्द्रता ७० टक्के असेल तर बाहेरच्या प्रत्येक घनमीटरमध्ये २१ ग्रॅम पाणी असते. टाकी भरली की तिच्यात बाहेरची सुमारे ०.९ घनमीटर हवा असते, म्हणजे १९ ग्रॅम पाणी. पण १०० लिटर जागेत वाफ म्हणून जेमतेम ३ ग्रॅम मावते. उरलेले १६ ग्रॅम तळाशी साचते, आणि हे फक्त एकदा टाकी भरण्याचे झाले. दिवसभर काम चालले की लिटरात पाणी जमा होते. काम संपल्यावर थोडा दाब शिल्लक असतानाच खालचा कॉक उघडा, म्हणजे पाणी जोराने बाहेर पडते. हे टाळले तर टाकी आतून गंजून पातळ होते आणि बाहेरून त्याचा पत्ता लागत नाही. रंगकामाला हवा वापरत असाल तर टाकीनंतर, हवा निवल्यावर, पाणी अडवणारा फिल्टर बसवा. कॉम्प्रेसरला चिकटून बसवलेल्या फिल्टरमधून हवा गरम असतानाच जाते, वाफ तशीच पार होते आणि पाणी पुढे रंग फवारण्याच्या पिस्तुलात उतरते.

प्रश्न: बॉइलच्या नियमाच्या (तापमान तेच असेल तर वायूचा दाब गुणिले आकारमान स्थिर राहते) प्रकल्पासाठी २० मिलीलिटरची सिरिंज तोंड बंद करून उभी धरली. आतला व्यास २० मिलिमीटर. दट्ट्यावर १, २ आणि ३ किलो वजने ठेवली, तेव्हा आकारमान १५.३, १२.४ आणि १०.४ मिलीलिटर आले. वजनाचा दाब ३१.२, ६२.५ आणि ९३.७ किलोपास्कल. पण गुणाकार ४७७, ७७५, ९७४ असा वाढतच जातो. स्थिर का येत नाही?

वाचने चांगली आहेत, फक्त वातावरण विसरले आहे. टायरचीच गोष्ट पुन्हा: वजन नसतानाही दट्ट्यावर हवेचा १०१.३ किलोपास्कल दाब आहे. तो मिळवा. दाब होतात १३२.५, १६३.८ आणि १९५.०, गुणाकार २०२७, २०३१ आणि २०२८. सुरुवातीचा गुणाकार, १०१.३ गुणिले २०, म्हणजे २०२६. बॉइलने १६६२ मध्ये आकडे प्रसिद्ध केले ते वाकवलेल्या नळीत पारा ओतून घेतलेले होते. त्यानेही पाऱ्याच्या प्रत्येक उंचीत वातावरणाचे २९ इंचांहून थोडे अधिक मिळवले होते, आणि नियम दिसला तो ही बेरीज केल्यावरच.

तुमचे गाव उंचावर असेल तर १०१.३ वापरू नका. १,००० मीटर उंचीवर सरासरी दाब ९० किलोपास्कलच्या आसपास असतो आणि २,००० मीटरवर ८० च्या किंचित खाली. हवामानाच्या बातम्यांमधला दाब बहुधा समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो. तोही तसाच उचलू नका. दाबमापक असलेला मोबाइल सापडला तर त्या जागेचा खरा दाब मिळतो.

प्रयोग परत करणार असाल तर पुढच्या गोष्टींनी फरक पडतो. सिरिंजवर छापलेल्या आकारावरून व्यास काढू नका. दट्ट्या बाहेर काढून नळीचा आतला व्यास व्हर्नियरने (बारीक अंतर मोजण्याचे साधन) दोन दिशांनी मोजा. व्यासाची चूक क्षेत्रफळात दुप्पट होते: २० ऐवजी १९.५ धरला की वजनाचा दाब पाच टक्क्यांनी जास्त येतो. रबरी दट्ट्याला सिलिकोन तेलाचा एकच थेंब चोळा. नळी स्टँडमध्ये अगदी उभी बसवा आणि वजन दट्ट्याच्या मधोमध येईल असे पाहा. ते कलले की घर्षण कितीतरी वाढते.

घर्षण तरीही उरतेच. वजन चढवताना दट्ट्या हवा तेवढा खाली जात नाही आणि उतरवताना हवा तेवढा वर येत नाही. म्हणून प्रत्येक वजनाला दोन्ही वेळा वाचन घ्या आणि सरासरी वापरा. दोन वाचनांत एक मिलीलिटरहून जास्त फरक असेल तर सरासरी काढून भागणार नाही, दट्ट्या साफ करा. वजन ठेवल्यावर मिनिटभर थांबून मगच वाचा, कारण दाबलेली हवा किंचित तापलेली असते. दट्ट्याचे स्वतःचे वजनही मिळवा. आणि शेवटी सगळी वजने काढल्यावर दट्ट्या २० वर परत आला नाही तर हवा गळली आहे. ती सगळी वाचने टाकून द्या.

आणखी एक सूक्ष्म चूक सिरिंजच्या चोचीतली. तिथे आणि टोपणात थोडी हवा असते, जी मोजपट्टीवर दिसत नाही. ती ओळखायची तर उभ्या अक्षावर वाचलेले आकारमान आणि आडव्या अक्षावर ‘एक भागिले निरपेक्ष दाब’ असा आलेख काढा. रेघ सरळ येऊन उभ्या अक्षाला शून्याच्या खाली, समजा उणे ०.५ मिलीलिटरला छेदली, तर लपलेली हवा तेवढीच आहे. प्रत्येक वाचनात ०.५ मिळवा. शाळेच्या प्रकल्पात एवढे दाखवले तर परीक्षकाला विचारायला फारसे उरत नाही.

प्रश्न: मॅग्नेशियम आणि आम्लापासून हायड्रोजन तयार करून पाण्यावर गोळा केला. ३० अंश तापमान, ९५.० किलोपास्कल दाब, २५० मिलीलिटर वायू. शून्य अंश आणि १०१.३२५ किलोपास्कलला आणल्यावर २११ मिलीलिटर येतो, पण मॅग्नेशियमच्या वजनावरून २०२ च यायला हवा. जास्तीचा वायू कुठून आला?

तो हायड्रोजन नाहीच, पाण्याची वाफ आहे. पाण्यावर गोळा केलेला वायू नेहमी वाफेने संपृक्त असतो. ३० अंशांना पाण्याचा बाष्पदाब, म्हणजे या वाफेचा स्वतःचा दाब, ४.२४ किलोपास्कल आहे (२० अंशांना २.३४, २५ ला ३.१७). मोजलेल्या दाबातून तो आधी वजा करा: ९५.० वजा ४.२४ म्हणजे ९०.७६. मग २५० गुणिले ९०.७६ भागिले १०१.३२५, गुणिले २७३.१५ भागिले ३०३.१५. उत्तर २०१.८ मिलीलिटर. तापमान वाढेल तशी ही चूक झपाट्याने वाढते, त्यामुळे उन्हाळ्यात ती दुर्लक्ष करण्याजोगी नसते.

वाचन घेण्यापूर्वी नळी वर-खाली करून आतल्या आणि बाहेरच्या पाण्याची पातळी एक करा. आतली पातळी १० सेंटिमीटर उंच राहिली तर आतला दाब वातावरणापेक्षा जवळजवळ एक किलोपास्कलने कमी असतो. आणि क्रिया संपल्यावर लगेच वाचू नका. ती उष्णता सोडते, वायू खोलीच्या तापमानाला यायला दहा मिनिटे तरी द्या.

प्रश्न: एक मोल (म्हणजे रेणूंची एक ठरावीक संख्या) वायूचे आकारमान २२.४ लिटर की २२.७?

दोन्ही. शून्य अंश आणि १ ॲटमॉस्फिअर, म्हणजे १०१.३२५ किलोपास्कल धरले तर २२.४१ लिटर. शून्य अंश आणि १ बार, म्हणजे १०० किलोपास्कल धरले तर २२.७१. आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र संघटनेने १९८२ मध्ये प्रमाण दाब १ बार केला, पण जुनी पुस्तके तशीच वापरात राहिली. प्रश्नपत्रिकेत दाब दिला असेल तर तो घ्या, नसेल तर तुमच्या पाठ्यपुस्तकातली व्याख्या. २५ अंश आणि १ ॲटमॉस्फिअरला हेच आकारमान २४.५ लिटर होते, हेही ध्यानात असू द्या. खोलीत केलेल्या प्रयोगाला २२.४ लावणारे बरेच भेटतात.

कारखान्यांत हा घोळ पैशांवर येतो. ‘नॉर्मल घनमीटर’ शून्य अंशांचा आणि ‘स्टँडर्ड घनमीटर’ बहुतेक ठिकाणी १५ अंशांचा. तोच वायू स्टँडर्डमध्ये मोजला की आकडा साडेपाच टक्क्यांनी मोठा दिसतो. करारात फक्त ‘घनमीटर’ लिहिले असेल तर सही करण्याआधी कोणत्या तापमानाचा आणि कोणत्या दाबाचा ते लिहून घ्या.

प्रश्न: उणे २७३ अंशांना वायूचे आकारमान खरोखर शून्य होते का?

नाही. तापमान आणि आकारमान यांच्या आलेखाची सरळ रेघ तिथे शून्याला पोचते, वायू पोचत नाही. वाटेत तो द्रव होतो: वातावरणाच्या दाबाला ऑक्सिजन उणे १८३ ला, नायट्रोजन उणे १९६ ला, आणि सगळ्यांत चिवट हीलियम उणे २६९ ला. शार्लने १७८७ च्या सुमारास केलेले आणि गे-ल्युसॅकने १८०२ मध्ये स्वतःच्या मोजमापांसह प्रसिद्ध केलेले या रेघेचे निरीक्षण पाणी गोठण्यापासून ते उकळण्यापर्यंतच्या टप्प्यातले होते. त्या रेघेचे पुढचे टोक हे गणित आहे. रेणूंना स्वतःचे आकारमान असते आणि ते एकमेकांना ओढतात, हे हिशोबात घेणारे समीकरण व्हॅन डर वाल्सने १८७३ मध्ये मांडले.

प्रश्न: ऑक्सिजनचा १० लिटरचा सिलिंडर भरून घेताना १५० बार होता. घरी आणून रात्री पाहिले तर १३६. पुरवठादाराने फसवले का? आणि मिनिटाला ५ लिटर प्रवाहाने तो किती वेळ चालेल?

फसवणूक असेलच असे नाही. वेगाने भरताना सिलिंडर तापतो. आतला वायू ५० अंशांना असताना गेजवर १५० असेल, तर २० अंशांना तो १३६ च दाखवेल (१५१ गुणिले २९३ भागिले ३२३, वजा १). भरलेला वायू तेवढाच आहे. सकाळी, तापमान तेच असताना काटा आणखी खाली आला असेल तर गळती समजा आणि सिलिंडर परत करा. जोड घट्ट करण्यासाठी तेल, ग्रीस किंवा मलम लावू नका. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ते पेट घेते.

वेळेचा हिशोब सोपा आहे: सिलिंडरची पाण्याची क्षमता (आत जेवढे पाणी मावेल तेवढे आकारमान, इथे १० लिटर) गुणिले गेजचा दाब. १० गुणिले १३६ म्हणजे १,३६० लिटर. पूर्ण रिकामा होईपर्यंत थांबू नये. १५ बार राखीव ठेवले तर १,२१० लिटर, म्हणजे ५ लिटरने २४२ मिनिटे, चार तास. या दाबाला ऑक्सिजन आदर्श वायूच्या नियमापेक्षा (वरच्या साध्या हिशोबापेक्षा) साधारण पाच टक्के जास्त मावतो, त्यामुळे हा अंदाज चुकला तरी तुमच्या बाजूने चुकतो. रेग्युलेटरमधला फ्लोमीटर मात्र उभाच असला पाहिजे. आडवा पडला तर त्यातली प्रवाह दाखवणारी गोळी खोटे वाचन देते.

प्रश्न: मग एलपीजीच्या सिलिंडरलाही गेज लावला, पण कितीही गॅस वापरला तरी काटा हलत नाही. असे का?

कारण त्या सिलिंडरमध्ये बहुतांश द्रव आहे. वरचा वायू काढला की थोडा द्रव उकळून जागा भरून काढतो आणि दाब पुन्हा तिथेच येतो. हा दाब किती गॅस शिल्लक आहे यावर नव्हे, तापमानावर आणि मिश्रणावर (प्रोपेन किती, ब्यूटेन किती यावर) ठरतो. २० अंशांना शुद्ध प्रोपेनचा निरपेक्ष बाष्पदाब ८.४ बार असतो, शुद्ध ब्यूटेनचा २.१ बार. शेवटचा थेंब उडेपर्यंत काटा फारसा हलत नाही आणि मग एकदम घसरतो. त्यामुळे शिल्लक जाणून घेण्याचा भरवशाचा मार्ग एकच: वजन करा आणि सिलिंडरवर कोरलेले रिकामे वजन वजा करा.

एकाच वेळी मोठ्या शेगड्या लावल्या की मात्र काटा खाली येतो आणि सिलिंडरच्या बाहेर दव किंवा बर्फ धरते. उकळायला लागणारी उष्णता द्रव स्वतःमधून घेतो, थंड होतो, आणि दाब उतरतो. अशा वेळी सिलिंडरवर गरम पाणी ओतणे किंवा जवळ शेगडी ठेवणे धोक्याचे आहे. दोन सिलिंडर एकत्र जोडून भार वाटून घ्या.

तापमान वाढल्यावर काय होते तेही पाहा. बंद डब्यात फक्त वायू असता, तर २० चे ५० अंश झाल्यावर ८.४ चे ९.३ बार झाले असते. द्रव प्रोपेन असल्यामुळे दाब १७ बारवर जातो, दुपटीहून जास्त. द्रवरूप प्रोपेलंट (फवारा बाहेर ढकलणारा पदार्थ) असलेल्या फवाऱ्याच्या डब्यांवर ‘५० अंशांपेक्षा जास्त तापवू नका’ असे छापलेले असते, त्यामागे हीच तीव्र वाढ आहे. द्रवही फुगतो, म्हणून सिलिंडर भरताना द्रवाने साधारण ८० ते ८५ टक्केच जागा व्यापू देतात. काठोकाठ भरला आणि उन्हात राहिला, तर वर दबण्यासारखा वायूच उरत नाही. मग थोड्या अंशांच्या वाढीनेही दाब कित्येक बारने चढतो आणि सुरक्षा व्हॉल्व्ह उघडून गॅस बाहेर येतो.